फिकट गुलाबी

"काय रे, गोधडीत गुंडाळून काय आणलंस? कुणाचं पोर तर नाय ना उचललंस?"

सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि माझा धाकटा भाऊ अशोक अंगणात उभा राहून कसनुसा हसत होता. रत्नागिरी ते खेड एसटीचे धक्के खात त्यानं ते गाठोडं मांडीवर सांभाळून आणलं होतं. मी धावत जाऊन ते त्याच्या हातातून घेतलं आणि ओसरीवरच सोडायला बसले. तेवढा धीर कुठला! आतून निघाली माझ्या कॉलेजातल्या देवल सरांनी उसनी दिलेली ब्युरेट. म्हणजे अंगावर आकडे कोरलेली, खाली तोटी असलेली उंच काचेची नळी. तिच्या जोडीला एक पिपेट, म्हणजे तोंडानं ओढून मापायची बारीक नळी, निमुळत्या गळ्याचे दोन काचेचे चंबू आणि बुचं घट्ट बसवलेल्या तीन बाटल्या.

"ह्यात काय?" सासूबाईंनी सर्वांत मोठ्या बाटलीकडे बोट केलं.

"आम्ल," मी म्हटलं. आणि त्यांच्या कपाळाला आठी पडायच्या आत घाईनं जोडलं, "एकदम पातळ केलेलं."

"आम्ल म्हणजे तेजाब?"

अशोक माझ्याकडे बघायला लागला. मी मान डोलावली. खोटं बोलून चार दिवस निभावलं असतं, पण घर एवढंसं आणि सासूबाईंचं नाक तिखट.

"मग ते ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागल्या. "परसात काय ते कर. माडापासून लांब."

अशी माझी प्रयोगशाळा मागच्या पडवीत निघाली. कपडे वाळत घालायच्या खांबाला ब्युरेट सुतळीनं उभी बांधली, खाली पाट ठेवला, पाटावर चंबू. आता त्या पडवीच्या जागी पुतण्याची मोटारसायकल उभी असते. पण कधी खेडला गेले की मी अजून तिथं क्षणभर थांबते. तिथला ओल्या मातीचा आणि सोड्याचा वास मला आजही येतो. तो खरा की मनाचा, हे मी स्वतःलाही विचारत नाही.

बी.एस्सी. होऊन लग्न करून मी शेट्यांच्या घरात आले त्याला तीन वर्षं झाली होती. घरात माणसं मोजकी. सासूबाई, हे आणि मी. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले, दीर मुंबईला. हे खेडच्या एसटी डेपोत कंट्रोलर, म्हणजे सकाळी अंधारात जाणार आणि दुपारी झोपाळलेले परत येणार. त्या सुमारास भोस्त्याचा घाट चढून गेलं की लोट्याच्या माळावर एकेक कारखाना उभा राहायला लागला होता. त्यातल्या एका रंगाच्या कारखान्याची जाहिरात पेपरात आली. प्रयोगशाळेत मदतनीस हवा, रसायनशास्त्राचा पदवीधर. मी कुणाला न सांगता अर्ज केला, लेखी परीक्षा पास झाले आणि प्रात्यक्षिकाचं बोलावणं आलं तेव्हा मात्र सांगावंच लागलं.

"आईला विचारलंस?" हे म्हणाले.

"तुम्हीच विचारा की. आई तुमची."

"सून तिची तू आहेस."

अशी दोन दिवस टोलवाटोलवी झाली आणि शेवटी जेवताना मीच विचारलं. सासूबाईंनी भातावर आमटी वाढून घेतली, कालवली, एक घास खाल्ला आणि मग म्हणाल्या, "परीक्षा दे हवी तर. नोकरीचं नंतर बघू."

आमच्या घरात 'नंतर बघू' म्हणजे नाही. दिवाळीला कुलाब्याच्या किल्ल्यावर जाऊ का, नंतर बघू. न्हाणीत फरशी बसवू का, नंतर बघू. तो किल्ला मी अजून पाहिलेला नाही. तरी मी ठरवलं, आधी परीक्षा तर पदरात पाडून घेऊ. मग सासूबाईंचं काय ते बघू.

पहिल्या सकाळी हे डेपोत गेल्यावर मी पडवीत बसले. पिपेट आम्लात बुडवली, दुसरं टोक तोंडात धरलं आणि हलकेच ओढलं. तेव्हा सगळे तसंच करायचे. तेवढ्यात मागून किंकाळी आली.

"अगो, पितेस काय मेले!"

पिपेट सुटता सुटता वाचली. सासूबाई तांब्या हातात घेऊन विहिरीवर उभ्या होत्या, पांढऱ्याफटक.

"पीत नाही हो आई, मापून घेत्येय. बघा तरी."

त्या जवळ आल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत. दहा मिली आम्ल मी चंबूत सोडलं, त्यात इंडिकेटरचे, म्हणजे रंगानं खूण देणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायला लागले. एका हाताने तोटी, दुसऱ्या हाताने चंबू गोल फिरवत राहायचा. थेंब पडला की गुलाबी डाग उमटायचा आणि विरायचा. उमटायचा आणि विरायचा. मग एका थेंबाला सगळं पाणी फिकट गुलाबी झालं आणि तसंच राहिलं. मी तोटी बंद केली. सोडा लागला दहा मिलीला थोडा कमी. सरांनी आम्लाची जी ताकद बाटलीवर लिहिली होती, अगदी तीच निघाली. तीन वर्षांनी! मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

"झालं?" सासूबाईंनी लांबूनच विचारलं.

"झालं. किती सोडा लागला ते बघायचं, म्हणजे आम्ल किती कडक ते कळतं."

"आणि थांबायचं कधी ते कसं कळतं?"

"गुलाबी झाक आली की. अगदी फिकट. एक थेंब जास्त पडला की भडक होतं, मग सगळं वाया."

"एवढी फिकट झाक दिसते तरी कशी? काच मळकट असली तर?"

"तर नाहीच दिसणार," मी हसत म्हटलं आणि आवराआवर करायला लागले. उरलेलं आम्ल फेकायचं तर आधी मारायला हवं. म्हणून बादलीत धुण्याचा सोडा टाकला. भसाभस फेस वर आला. सासूबाई दोन पावलं मागे सरल्या.

"घाबरू नका. ही आम्लाची आग आणि सोड्याची आग एकमेकींना संपवतात. फसफस थांबली की उरतं मीठ आणि पाणी."

"मीठ? खायचं?"

"तेच. पण हे खाऊ नका बरं का."

"मला काय धाड भरलीय तुझं मीठ खायला," त्या म्हणाल्या आणि तांब्या भरून आत गेल्या. ते पाणी मी माडापासून लांब, कुंपणाशी ओतलं.

दुसऱ्या दिवशी गणित बिघडलं. त्याच बाटलीतलं आम्ल, तोच सोडा, तोच हात. पण दहाच्या जवळ जाण्याऐवजी साडेनवाच्या आसपासच चंबू गुलाबी झाला. दुसऱ्या चंबूत केलं, नऊ पॉइंट सात.  म्हणजे आम्ल रातोरात पातळ झालं? बाटलीचं बूच तर घट्ट होतं. तिसऱ्या दिवशी तोच प्रकार, नऊ पॉइंट तीन. चौथ्या दिवशीही. बरं, चूक एका मापाची असती तर शोधून काढली असती. इथं तर प्रत्येक वेळी आकडा वेगळा. कारखान्यातला परीक्षक तीन वेळा करायला सांगणार आणि तिन्ही आकडे एकमेकांना चिकटून हवेत. नाहीतर घरी जा, भाकऱ्या भाजा.

मी ब्युरेट पुन्हा पुन्हा धुतली. तोटी गळते का पाहिलं. डोळ्यांवर शंका घेतली, हातांवर घेतली. रोजचं काम झालं की चंबू बॅटरीवाल्याकडून आणलेल्या शुद्ध पाण्यानं विसळून पाटावर उपडे घालायचे, हे मी पहिल्या दिवसापासून करत होते. सकाळी ते तसेच, चकचकीत, उपडे असायचे. शुद्ध पाणी जपून वापरायचं म्हणून सकाळी पुन्हा विसळत नव्हते. त्यांच्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

"पहिल्या दिवशी चुकून जमलं," मी ह्यांना म्हटलं. "माझा हात गेला. तीन वर्षं फक्त कालथा धरला तर दुसरं काय होणार?"

"एवढं काय? दोन-चार थेंबांचा तर फरक."

"तुमची गाडी दोन-चार तास उशिरा सुटली तर चालते का?"

"आमच्याकडे चालते," हे म्हणाले आणि कूस बदलून झोपले. मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

प्रात्यक्षिक गुरुवारी होतं. मंगळवारी सकाळी मी पडवीत बसले ती मनातून हरूनच. गोधडी बाहेर काढली होती. एकदा शेवटचं करायचं आणि सगळं बांधून अशोककडे परत पाठवायचं. माहेरी 'पोरीला जमलं नाही' म्हणतील, म्हणू देत. इथं सासूबाईंना बरंच वाटेल. चित्त असं भलतीकडे होतं म्हणून हाताकडून चूक झाली. आम्ल घ्यायच्या आधीच मी चंबूत थोडं शुद्ध पाणी ओतलं आणि इंडिकेटरचे दोन थेंब टाकले.

पाणी गुलाबी झालं.

मी बघतच राहिले. आम्ल नाही, सोडा नाही, नुसतं पाणी. इंडिकेटर सोड्याशिवाय गुलाबी होत नाही. तेच पाणी मी स्टीलच्या वाटीत घेतलं, थेंब टाकले. काही नाही. दुसऱ्या चंबूत घेतलं. पुन्हा गुलाबी. म्हणजे पाण्यात काही नव्हतं. जे होतं ते चंबूंत होतं. रोज सकाळी माझं आम्ल चंबूत पडल्याबरोबर थोडं मरत होतं आणि मी माझ्या हाताला दोष देत होते.

पहिला आनंद झाला तो ओसरायला वेळ लागला नाही. चंबूत सोडा आला कुठून? घरात माणसं तीन. ह्यांना पडवीत यायची सवड नाही. न्हाणीत धुण्याच्या सोड्याचा डबा होता आणि तो सासूबाईंच्या हाताखाली होता. 'नोकरीचं नंतर बघू.' मला एकदम सगळं लख्ख दिसायला लागलं. नाही म्हणून वाईटपणा कोण घेईल? सून आपणच नापास झाली म्हणजे झालं. माझं डोकं असं भणाणलं की दुपारी आमटीत मीठ पडलं नाही आणि सासूबाईंनी मुकाट्यानं वरून घेतलं. ते बघून तर मला आणखी राग आला.

संध्याकाळी मी देवाला दिवा लावायच्या निमित्तानं आत गेले आणि माजघराच्या खिडकीशी उभी राहिले. तिथून पडवी दिसायची. त्या दिवसांत आमच्याकडे वीज होती, पण तिचा काही नेम नव्हता, म्हणून तिन्हीसांजेला सासूबाई दोन कंदील तयार ठेवायच्या. रोजच्यासारख्या त्या कंदील घेऊन पडवीत बसल्या. चुलीतली चाळलेली राख करवंटीत घेतली. जुन्या धोतराचा तुकडा राखेत बुडवून त्यांनी कंदिलाची काच आतून फिरवून फिरवून पुसली, कोरड्या फडक्यानं लखलखीत केली आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिली. मग दुसरी काच. मग त्यांनी माझ्या पाटावरचा चंबू उचलला.

फडकं गळ्यातून आत जाईना, तेव्हा त्यांनी खराट्याची काडी घेतली, तिच्या टोकाला फडकं गुंडाळलं आणि राख लावून आत घातली. तळाशी, कडेला, गळ्यात. इतक्या हलक्या हातानं की काच वाजलीसुद्धा नाही. पुसून झाल्यावर चंबू उजेडाकडे धरला, कुठं डाग राहिलाय का बघितलं, तोंडानं वाफ सोडून पुन्हा पुसला आणि मी ठेवते तसाच, उपडा, त्याच जागी ठेवला.

मी पडवीत गेले तेव्हा दुसरा चंबू त्यांच्या हातात होता.

"आई, हे काय करताय?"

त्या दचकल्या. चोरी पकडल्यासारखा चंबू पदराआड गेला.

"काय नाय गो. काचा पुसत होते, म्हटलं ह्यापण पुसाव्या."

"रोज पुसता?"

"तूच बोललीस ना, काच मळकट असली तर ती गुलाबी झाक दिसणार नाय म्हणून." त्यांनी चंबू पुन्हा बाहेर काढला आणि फडक्यानं पुसायला लागल्या. "तुझी परीक्षा. मला त्यातलं काय कळतं? काच साफ करायची तेवढी कळते. राखेसारखी काच कशानंच निघत नाय."

  मी त्यांच्या शेजारी बसले, शुद्ध पाण्याची बाटली घेतली आणि त्यांनी नुकत्याच पुसलेल्या चंबूत पाणी ओतलं. दोन थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं.

"हे बघा."

"अगो बाई! हे तर सोडा न घालताच झालं."

"राखेत खार असतो, आई. सोड्यासारखाच. तो काचेला चिकटून राहतो. सकाळी माझं आम्ल आत पडलं की ही राख त्यातलं थोडं खाते."

त्यांना समजायला क्षणभर लागला आणि समजलं तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे तुझं रोज चुकत होतं ते माझ्यामुळं? तू परवा ह्याच्यापाशी रडत होतीस ते? मी ऐकलं गो. मी तर त्या रात्रीपासून आणखीन घासून पुसायला लागले." त्यांनी हातातली राखेची करवंटी लांब सारली. "मी तुझं वाटोळं केलं, शैले. परवा परीक्षा आणि मी..."

मग मात्र मला आवरलं नाही. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले, आणि त्यांना वाटलं मी नुसतीच रडत्येय, म्हणून त्याही डोळ्याला पदर लावायला लागल्या.

"वाटोळं काय, आई? माझा हात बरोबर आहे! मला वाटत होतं मी सगळं विसरले. मी काही विसरलेली नाही. मी आज सगळं बांधून परत पाठवणार होते."

"परत? परीक्षा न देता?" त्यांनी डोळे पुसले आणि एकदम रागानं बघितलं. "मग इतके दिवस मी काय उगाच पुसत बसले?"

उजेड होता तोवर आम्ही दोघींनी एकदा करून बघितलं. चंबू मी चारदा विसळले. सासूबाई पाटाच्या पलीकडे उकिडव्या बसल्या, नाक ब्युरेटला लागेल इतक्या जवळ. मी थेंब सोडत गेले. गुलाबी डाग उमटत गेले आणि विरत गेले.

"आता हळू," त्या कुजबुजल्या. "हळू गो. आता एकेक." आणि मग माझा हात धरूनच म्हणाल्या, "थांब! आली बघ झाक."

मी आकडा वाचला. पहिल्या दिवसाचाच होता. पुन्हा केलं, तोच. तिसऱ्यांदा करायला उजेड उरला नव्हता.

रात्री जेवताना सासूबाईंनी ह्यांना सांगितलं, "गुरवारी लोट्याच्या पहिल्या गाडीला जागा धर. दोन."

"दोन कुणाला?"

"मग मी काय टपावर बसू?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात बघत राहिले. नोकरीबद्दल कुणी काही बोललं नाही आणि मी विचारलंही नाही. परीक्षेला सोबत म्हणून येत असतील, मी मनाची समजूत घातली. पोरीबाळींना एकटं पाठवायची तेव्हा पद्धत नव्हती. 'नंतर बघू' अजून जिथल्या तिथे होतं.

गुरुवारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही सात-आठ उमेदवार होतो, बाई मी एकटी. परीक्षकांनी प्रत्येकाला एक आम्ल दिलं आणि ताकद काढायला सांगितली. मी चंबू विसळायला लागले ती विसळतच राहिले. शेवटी परीक्षक म्हणाले, "बाई, धुणं नंतर करा, आधी प्रयोग करा." सगळे हसले, मीही हसले आणि आणखी एकदा विसळला. तीन आकडे काढले. तिन्ही एकमेकांना चिकटून. परीक्षकांनी कागद पाहिला, मान हलवली आणि पत्रानं कळवू म्हणाले. पत्र आलं, नोकरीही लागली आणि पुढची सगळी वर्षं त्या वासात गेली. पण ते नंतरचं.

त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. माळावर सावली अशी कुठं नव्हती. सासूबाई फाटकाशी वॉचमनच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि वॉचमन बिचारा उभा होता. मला बघून तो पुढे आला.

"बाई, कधीपासून हजर होणार तुम्ही?"

"कुठं हजर?"

"इथं. आजीबाई सकाळपासून सांगतायत ना, सून इथं साहेबाच्या हाताखाली कामाला लागली म्हणून. इथं जेवायची सोय काय, संध्याकाळची गाडी वेळेवर असते का, सगळं विचारून घेतलं त्यांनी."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या उठून लुगडं झटकत होत्या.

"आई, अजून निकाल लागायचाय."

"तो त्यांचा लागायचाय," त्या म्हणाल्या. "आपला लागला. चल, गाडी चुकंल."